रकाना दुसरा: सहायक प्रशिक्षक

सोमवार, २० जानेवारी २०२५, जळगाव

मी रोजनिशी लिहिणारी बाई नाही. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, मुलींकडून रोजनिश्या लिहून घेतल्या, तपासल्या, स्वतः एकही लिहिली नाही. आज लिहिते आहे, कारण शनिवारी धुळ्याहून स्पर्धेच्या आयोजकांचं पत्र आलं. संघाचे मुख्य प्रशिक्षक हितेंद्र बोरसे यांचं निधन झाल्याचं कळलं, दुःख झालं, वगैरे. पुढे असं, की नियमाप्रमाणे आता नोंदणीकृत सहायक प्रशिक्षकाने सामन्याला संघाबरोबर बसायचं आणि तोपर्यंत सरावाची रोजची लेखी नोंद ठेवायची. नाहीतर प्रवेश रद्द, नोंदणीही रद्द. सहायक प्रशिक्षक: श्रीमती प्रमिला बोरसे.

म्हणजे मी.

सोबत अर्जाची प्रत होती. रकाना पहिला, त्याचं नाव. रकाना दुसरा, माझं नाव आणि खाली माझी सही. सही खरी आहे. गेल्या जूनमध्ये त्याने वीजबिलाच्या आणि घरपट्टीच्या कागदांत हा कागद सरकवला असणार. न वाचता सही करू नये हे मी हजारो मुलींना सांगितलं आहे.

हितेंद्र, माझा मुलगा, तीन जानेवारीला गेला. शुक्रवार. नरडाण्याजवळ, मोटारसायकलवर, मागून ट्रक. वय पस्तीस. त्या दिवशी साडेसहाला मी फोन केला होता, रोज करते तसा. कुठे आहेस विचारलं नाही. आठच्या आत घरी ये म्हटलं. हो म्हणाला.

दिवसकार्य झालं. माणसं येऊन गेली. मला रडू आलं नाही. येईल, असं सगळ्या बायका म्हणाल्या.

त्याचा संघ मुलींचा. खेळ फुटसाल, म्हणजे छपराखालचा फुटबॉल. एका बाजूला पाच जणी, चेंडू लहान आणि जड, उसळत नाही. स्पर्धा आठ आणि नऊ फेब्रुवारीला धुळ्यात. सराव प्रेमराजभाऊंच्या जुन्या जिनिंगच्या गोडाऊनमध्ये चालतो. प्रेमराजभाऊ काल येऊन बसले. ती जागा एका पाइपवाल्याला हवी आहे, ते मार्चपर्यंत थांबायला तयार आहेत. म्हणाले, ‘‘ताई, हितेंद्रला शब्द दिला होता. पोरी फायनलला गेल्या तर अजून एक वर्ष जागा त्यांची. नाही गेल्या तर माझाही नाइलाज.’’

मी त्यांना सांगितलं, मंगळवारपासून येते. का सांगितलं माहीत नाही. सही केली आहे, म्हणून असेल.

कच्ची नोंद इथे करीन. त्यातलं लागेल तेवढं पक्क्या वहीत उतरवीन.

मंगळवार, २१ जानेवारी

संध्याकाळी साडेपाचला गोडाऊन उघडलं. कापसाचा जुना वास अजून आहे. खाली सिमेंटवर पिवळ्या रेषा मारलेल्या. दोन्ही टोकांचे गोलचे खांब असलम फॅब्रिकेशनवाल्याने जोडून दिलेले, त्याची मुलगी मिसबाह संघात आहे.

सात मुली आल्या. उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघत होत्या, जणू मी काही सांगणार. मी हजेरी घेतली. मग कर्णधार हेमांगीला विचारलं, रोज काय करता. ती म्हणाली, आधी धावतो. मी म्हटलं, धावा. गोलकीपर डिंपल हळूच म्हणाली, ‘‘किती फेऱ्या ते तरी सांगा मॅडम, नाहीतर आम्ही भुसावळला पोचू.’’ कोणी हसलं नाही. तीही नाही. तिला बहुतेक सवयीने बोलायचं होतं.

वीस फेऱ्या.

मी खुर्चीवर बसले. त्याची शिट्टी खुर्चीच्या पाठीला अडकवलेली होती. ती मी वाजवली नाही. टाळी वाजवली की माझं काम होतं.

सात वाजता असलम दारात आला. आत आला नाही. मी उठून गेले. चष्म्यावर लोखंडाची बारीक भुकटी, हात मागे. म्हणाला, ‘‘मॅडम, पोरगी सरांच्या भरवशावर पाठवत होतो. मोहल्ल्यात पन्नास तोंडं आहेत, मी कोणाला जवाब दिला नाही. आता कोणाच्या भरवशावर पाठवू ते सांगा.’’

‘‘माझ्या,’’ मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि गेला. एवढ्याने त्याचं समाधान कसं झालं कळत नाही. माझा भरवसा मला स्वतःलाही नाही. हे पक्क्यात जाणार नाही.

पक्क्यात: उपस्थिती सात. धावणे, पास देणे, आपसातला सामना. वेळ ५.३० ते ७.३०.

साडेसातला हेमांगीने आपण होऊन सराव थांबवला. विचारलं तर म्हणाली, सर कधीच साडेसातच्या पुढे जात नव्हते. मध्येच असलं तरी थांबवायचे.

बुधवार, २२ जानेवारी

त्याच्या कपाटातून निळी वही काढली. सरावाची आहे. आकृत्या, बाण, वर्तुळं. अक्षर वाईट. पाचवीपासून वाईट आहे.

आकृत्या मला कळल्या नाहीत. मधल्या पानांवर वाक्यं होती, ती कळली.

‘माय मागे राहते. सगळं तिला दिसतं, म्हणून तीच ओरडते.’

‘माय जागा सोडून पुढे आली की घोटाळा.’

‘अडलं की मायकडे द्यायचं आणि मोकळं व्हायचं.’

‘माय चुकली तरी तिला बोलायचं नाही. तिच्या मागे कोणी नसतं.’

असं बरंच. पानंच्या पानं.

मी शिरपूर तालुक्यातल्या खेड्यात जन्मले. घरात सगळे अहिराणी बोलत. धुळ्याला कॉलेजात गेले तेव्हा माझ्या बोलण्याला वर्ग हसला होता. एकदाच हसला. नंतर संधी दिली नाही. लग्नानंतर घरात अहिराणीचा शब्द येऊ दिला नाही. हितेंद्र सहा वर्षांचा असताना गल्लीतून ‘माय वं’ करत आला, त्या दिवशी त्याला ‘आई’ शंभर वेळा लिहायला लावलं होतं. त्यानंतर तो आईच म्हणाला.

आता खेळाच्या वहीत, परक्या मुलींना दाखवायच्या वहीत, माय ओरडते.

वही मिटली. वाईट वाटायला हवं होतं. वांगी भाजायला ठेवली होती, ती उतरवली. भरीत जास्त झालं. मी अजून दोघांच्या मापानेच करते आहे, हे जेवताना लक्षात आलं.

शुक्रवार, २४ जानेवारी

काल गेले नाही. पक्क्यात ‘विश्रांती’ लिहिलं.

आज गेले. आपसातला सामना चालू होता. हेमांगी चेंडू घेऊन डाव्या कडेने निघाली आणि मागे न बघता ओरडली, ‘‘माय!’’

मी खुर्चीतून उठले.

मागून मिसबाह ओरडली, ‘‘शे!’’ हेमांगी पुढे घुसली.

मी टाळी वाजवून खेळ थांबवला. हा काय प्रकार म्हणून विचारलं. मग हेमांगी म्हणाली, ‘‘मॅडम, माय म्हणजे मिसबाह.’’

समजावून घ्यायला दहा मिनिटं गेली. चौघी खेळणाऱ्यांत एक सर्वांत मागे राहते, गोलकीपरच्या पुढे. तिच्या जागेला हितेंद्र माय म्हणायचा. पुढे निघणाऱ्या मुलीने मान वळवायची नाही, मान वळवली की चेंडू जातो. तिने फक्त ‘माय!’ अशी हाक मारायची. मागची जागेवर असेल तर ‘शे’ म्हणायचं, म्हणजे ‘आहे’. उत्तर आलं की बिनधास्त पुढे जायचं. उत्तर नाही आलं तर थांबायचं, काहीही झालं तरी. पुण्यामुंबईच्या संघांना यातलं काही कळत नाही, म्हणून अहिराणी. सगळ्यांनी मिळून चढाई करायची असेल तर ‘बठ्ठा’.

‘‘मिसबाहची अहिराणी एवढीच,’’ डिंपल म्हणाली. ‘‘एक अक्षर. त्याच्यावर तीन वर्षं काढली.’’

‘‘तुझी उर्दू किती?’’ मिसबाह म्हणाली.

‘‘बिर्याणी.’’

आज हसल्या. मी हसू दिलं.

म्हणजे वहीत माझ्याविषयी काही नव्हतं. खेळाच्या वहीत खेळच होता. परत येऊन ती पानं पुन्हा वाचली. ‘तिच्या मागे कोणी नसतं’ या वाक्याच्या समासात दुसऱ्या अक्षरात लिहिलं आहे, ‘मग मी कोण? डिंपल.’ परवा ते मला दिसलं नव्हतं.

सुटल्यासारखं वाटायला हवं. तसंही काही वाटलं नाही.

शनिवार, २५ जानेवारी

मुलींना सांगितलं, यापुढे शुद्ध बोलायचं. ‘माय’ऐवजी ‘बचाव’. ‘शे’ऐवजी ‘आहे’. ‘बठ्ठा’ऐवजी ‘सर्वजणी’. कोणी उलट बोललं नाही. सरावाचा बट्ट्याबोळ झाला. नऊ गोल चढले.

रविवार, २६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन. माजी शिक्षिका म्हणून पहिल्या रांगेत बसवलं. सराव नाही.

मंगळवार, २८ जानेवारी

दोन दिवस ‘बचाव’ आणि ‘आहे’ चाललं. आज हेमांगी पाणी पिताना जवळ आली. म्हणाली, ‘‘मॅडम, राग मानू नका. ‘आहे’ म्हणेस्तोवर गोल होतो.’’

मी घड्याळ लावून पाहिलं नाही, पण बरोबर आहे. दोन अक्षरं आहेत. ‘सर्वजणी’ला तर चार. ‘बचाव’ म्हटलं की या मुली दचकतात, कोणाला तरी वाचवायला निघाल्यासारख्या. भाषा शिकवण्याची एकतीस वर्षं, आणि हे मला एका बी.कॉम.च्या मुलीने सांगावं लागलं.

जुनं चालू करा म्हटलं. लगेच खेळ सुटला. मी खुर्ची कडेला घेतली, कारण रेषेजवळून जास्त दिसतं. मिसबाह मोठी हुशार मुलगी आहे. चेंडूकडे कमी बघते, मुलींकडे जास्त. मधल्या सुट्टीत ती इतरांना त्यांच्या चुका सांगते, आणि मला ऐकू येईल अशा बेताने सांगते. मला शिकवण्यासाठी असावं. मी ऐकून घेते.

साडेसहाला मोबाइल हातात घेतला होता. ठेवून दिला.

गुरुवार, ३० जानेवारी

मोहिनी रुजू झाली.

ही शिरपूरच्या पलीकडच्या खेड्यातली. इथे मुलींच्या वसतिगृहात राहून शिकत होती, डिसेंबरात वडिलांनी घरी नेलं. पोरींनी चड्ड्या घालून खेळायचं नाही म्हणून. तीन तारखेला हितेंद्र तिथेच गेला होता. शिरपूरला गेला होता हे मला नंतर पोलिसांकडून कळलं. कशासाठी ते आज कळलं.

वडील झुलाल स्वतः तिला घेऊन गोडाऊनवर आले. साठीचा माणूस, टोपी काढून हातात धरलेली. मी खुर्ची दिली तर बसले नाहीत.

‘‘अक्का,’’ ते म्हणाले, ‘‘मी त्यास्ले शब्द देल व्हता. पोर धाडसू म्हनीसन.’’

मुलगी पाठवीन असा शब्द दिला होता. माणूस गेला तरी शब्द राहिला, म्हणून आले. मी चहा मागवला. ते उभ्यानेच प्यायले. कप खाली ठेवून म्हणाले,

‘‘सैपाक व्हयेल व्हता. सर जेवाले थांबनात नही. मन्ही माय वाट देखी राह्यनी, आसं म्हनेत.’’

माझी माय वाट बघते आहे.

मी विचारलं, किती वाजता निघाला. पावणेसात. चहा घेतला होता का. घेतला होता. अर्धा.

शिरपूरहून जळगाव अडीच तासांचा रस्ता. पावणेसातला निघून आठच्या आत येणं शक्य नाही. हे गणित चौथीतल्या मुलीला येतं. त्याला येत नव्हतं असं नाही. त्याने ‘हो’ म्हटलं, एवढंच.

झुलाल जाताना म्हणाले, ‘‘आते पोर तुम्हना हवाली शे.’’ मी म्हटलं, ‘‘बरं.’’ अहिराणीत उत्तर देणार होते. चाळीस वर्षांनी शब्द सापडला नाही.

पक्क्यात: मोहिनी रुजू. उपस्थिती आठ.

सोमवार, ३ फेब्रुवारी

स्पर्धेच्या स्मरणिकेत हितेंद्रवर दहा ओळी द्यायच्या आहेत. त्याची फाईल काढली. प्रमाणपत्रं तारखेप्रमाणे लावली.

२००९ साली धुळ्याचं इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षी सोडलं. त्यावरून सात महिने माझ्याशी बोलणं बंद. म्हणजे माझं त्याच्याशी. मुंबईच्या क्लबात आधी पाहुणा खेळाडू, मग पगारी. गोव्यात तीन वर्षं. आखातात दोन हंगाम, तिथे संघाचा कर्णधार. फोटोत बाकीचे सगळे त्याच्याहून उंच आहेत आणि त्याच्याकडे बघत आहेत. २०१७ ला उजवा गुडघा. २०१८ ला तोच गुडघा पुन्हा. २०१९ ला घरी. मी म्हटलं होतं, झालं ना समाधान, आता नोकरी बघ. त्याने गोडाऊन बघितलं.

दहा ओळी पूर्ण झाल्या. अकरावी ओळ स्मरणिकेसाठी नाही. दहा वर्षांत मी त्याचा एकही सामना पाहिला नाही. तो प्रत्येक वेळी तारीख कळवायचा. मी वेळ नाही म्हणायची.

शनिवार, ८ फेब्रुवारी, धुळे

सकाळी सहाच्या बसने आलो. मुलींनी पारोळ्यापर्यंत गाणी म्हटली, मग झोपल्या. हॉल मोठा आहे, लाकडी जमीन. मुलींनी बूट काढून आधी पायाने चाचपून पाहिली.

मी साडी नेसूनच बाकावर बसले. पंचांनी ओळखपत्र दोनदा पाहिलं.

पहिला सामना चार-एक जिंकलो. दुसरा बरोबरीत सुटला. उद्या सकाळी उपांत्य सामना, नाशिकच्या संघाशी. तो जिंकला तर संध्याकाळी फायनल, आणि गोडाऊन वर्षभर आपलं. मुलींना हे सगळं पाठ आहे. मी पुन्हा सांगितलं नाही.

पोटऱ्या दाबून द्याव्या लागतात, नाहीतर सकाळी ताठतात, असं मिसबाह म्हणाली. एकेकीच्या दाबल्या. मोहिनी लाजत होती. तिला म्हटलं, गप्प पड.

आज दोन सामन्यांत मिळून सतरा वेळा ‘माय’ अशी हाक आली. मी मोजलं. प्रत्येक वेळी माझं अंग उठायचं आणि मिसबाहचं ‘शे’ ऐकलं की बसायचं. सवयीने जाईल.

रविवार, ९ फेब्रुवारी, धुळे

जसं झालं तसं लिहिते.

पहिल्या अर्ध्यात दोन गोल खाल्ले. दुसऱ्या अर्ध्यात मिसबाहने मुलींना जरा वर सरकवलं आणि दोन फेडले. एक हेमांगीने, एक मिसबाहने मागूनच, लांबून. दोन-दोन. एक मिनिट चाळीस सेकंद राहिले होते.

मिसबाहच्या पोटरीत गोळा आला. या खेळात खेळ न थांबवता मुलगी बदलता येते. ती लंगडत माझ्या शेजारी येऊन बसली, मोहिनी आत गेली. मायच्या जागी. मिसबाहने पाण्याची बाटली तोंडाला लावली. मी वाकून तिची पोटरी धरली.

हेमांगीला डाव्या कडेला चेंडू मिळाला. ती ओरडली, ‘‘माय!’’

उत्तर नाही. मोहिनी महिनाभर खेळात नव्हती. ती चेंडूच्या नादाने मधल्या रेषेपर्यंत आली होती. मला हे दिसत होतं. सगळं दिसत होतं.

हेमांगी थांबली. चेंडू पायाखाली दाबून उभी राहिली. शिकवलं होतं तशी. दोघी तिच्या अंगावर आल्या. ती पुन्हा ओरडली, ‘‘माय!’’

‘‘शे,’’ मी म्हणाले.

मी वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात बोलते. हॉलभर गेला असेल.

हेमांगी पुढे घुसली. चेंडू गेला. मागे कोणी नव्हतं. नाशिकची मुलगी एकटी धावत गेली. डिंपल पुढे आली, वाकली, चेंडू तिच्या हाताखालून गेला. तीन-दोन. उरलेल्या वेळात ‘बठ्ठा’ करून पाहिलं. नाही झालं.

उत्तर न येणं हेही उत्तर होतं. ते मी खोडलं.

शिट्टी झाल्यावर हेमांगी बाकाशी आली. घामाने केस कपाळाला चिकटलेले. म्हणाली, ‘‘मॅडम, शे कोण म्हणालं?’’

‘‘मी.’’

तिने माझ्याकडे बघितलं. मग टॉवेल घेतला. मोहिनी रडत होती, तिला वाटलं तिची चूक. मी तिला सर्वांसमोर सांगितलं, ‘‘तू गप्प होतीस, ते बरोबर होतं. मी बोलले, ते चूक.’’ तरी रडत राहिली.

परतीच्या बसमध्ये मी पुढच्या सीटवर एकटी बसले. एरंडोलच्या अलीकडे डिंपल उठून आली आणि शेजारी बसली. चिवड्याची पुडी पुढे केली. मी नको म्हटलं. तिने एक घास खाल्ला, चावला, मग समोर बघत म्हणाली,

‘‘माय चुकली तरी तिला बोलायचं नाही. वहीत शे.’’

तिने पुडी माझ्या मांडीवर ठेवली.

‘‘आणि तिच्या मागे कोणी नसतं, ते सरांचं चूक होतं,’’ डिंपल म्हणाली. ‘‘मागे मी होते. मीपण हुकले.’’

खिडकीतून वारा येत होता. काच ओढून घेतली. डोळ्यांना वारा लागला की पाणी येतं. डॉक्टरांनी सांगितलं आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

प्रेमराजभाऊंकडे मीच गेले. हरलो म्हटलं. त्यांना कळलं होतं. ‘‘ताई, पोरी छान खेळल्या म्हणे,’’ म्हणाले. जागेचं मी पुन्हा विचारावं असं त्यांच्या मनात असावं. मी विचारलं नाही. शब्द फायनलचा होता. गोडाऊन शुक्रवारी रिकामं करून देते म्हटलं.

तिथून शाळेत गेले. मुख्याध्यापिका माझी विद्यार्थिनी. प्रार्थनेचा हॉल संध्याकाळी रिकामा असतो. ती म्हणाली, बाई, संस्थेची मीटिंग महिनाअखेरीस आहे. मी म्हटलं, मी बसते. एक वाजल्यापासून बसले. तिने डबा अर्धा मला दिला. पावणेपाचला पत्र दिलं. साडेपाच ते साडेसात, रविवार सोडून, एक वर्ष. हॉल लांबीला कमी आहे आणि मधोमध एक खांब आहे. मिसबाहला सांगितलं तर म्हणाली, खांबाला गादी बांधू.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आज गोडाऊन रिकामं केलं. असलमने खांब सोडवले आणि हातगाडीवर घालून शाळेत नेले. जाताना म्हणाला, ‘‘मॅडम, इथलं सिमेंट उखडलंय, भरून देऊ का?’’ मी म्हटलं, पाइपवाला बघेल. तरी त्याने भरलं.

मिसबाहने विचारलं, साडेसातला सराव थांबवायचा सरांचा नियम तिने बदलला तर चालेल का. म्हणाली, ‘‘तुमचा फोन साडेसहाला यायचा. पुढचा तासभर ते सारखं घड्याळ बघायचे.’’ मी म्हटलं, तू बघ काय करायचं ते. आठच्या आत सगळ्या घरी असल्या पाहिजेत असं काही नाही. मग म्हटलं, घरी कळवत जा मात्र. कुठे आहात ते कळवत जा.

हस्तांतराची नोंद, पक्क्या वहीतही हीच:

प्रेमराजभाऊंच्या हवाली: गोडाऊनच्या किल्ल्या दोन. कुलूप एक. विजेच्या पेटीची किल्ली, आमच्याकडे कधीच नव्हती, त्यांच्याकडेच सापडली.

मिसबाहच्या हवाली: चेंडू सहा, पैकी एकात हवा राहत नाही. रंगीत बंड्या दहा. शंकू चौदा. शिट्टी एक, दोरीसह, मी वाजवलेली नाही. हजेरीपुस्तक. शाळेचं पत्र, मूळ प्रत. निळी वही एक, प्रशिक्षकांच्या अक्षरातली, समासातल्या मजकुरासह.

गुडघ्याचा काळा पट्टा एक. यादीत लिहिला होता. खोडला.

नव्या वर्षाचा नोंदणीअर्ज मिसबाहने भरून आणला होता. रकाना पहिला, मुख्य प्रशिक्षक: मिसबाह असलम. रकाना दुसरा मोकळा. तिने पेन पुढे धरलं आणि दुसरीकडे बघत राहिली.

अर्ज दोन पानी आहे. पूर्ण वाचला. सही केली.